पानाच्या माथ्यावर कोणाचे नाव?

एखादा कथासंग्रह मध्येच उघडावा. डाव्या पानाच्या माथ्यावर संग्रहाचे नाव, उजव्या पानाच्या माथ्यावर कथेचे. दहा पाने उलटावीत. कथा बदललेली असते, पण माथ्यावर मागच्याच कथेचे नाव. किंवा अनुक्रमणिकेत ‘आणीबाणी’, प्रकरणाच्या मथळ्यात ‘आणीबाणी’ आणि पानोपानी माथ्यावर ‘आणिबाणी’. मुद्रितशोधकाने मथळ्यातला इकार दुरुस्त केला, माथ्यावरची ओळ वाचायची मात्र राहिली.

छापखान्यात या ओळीला ‘रनिंग हेड’ किंवा नुसते ‘रनिंग’ म्हणतात. या लेखात तिला पृष्ठशीर्षक म्हणू. संगणकाने ही ओळ आपोआप भरावी, ही सोय चाळीस वर्षांहून जुनी आहे आणि आज जवळजवळ प्रत्येक मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये ती या ना त्या रूपात मिळते. तरीही चुका टिकून आहेत. सोयी काय आहेत, त्या एकमेकींपासून कुठे वेगळ्या आहेत आणि देवनागरीत त्या कुठे अडतात, हे एकत्र पाहिले तर त्यामागचे कारणही हाती लागते.

सुट्या पानांची खूण

ही ओळ छापखान्याने शोधलेली नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्यांची पाने सुटी असत. दोन पोथ्यांची पाने एकमेकांत मिसळली की निवडायची कशी, हा खरा प्रश्न होता. म्हणून पत्राच्या पाठच्या बाजूला, डाव्या समासात वरच्या अंगाला ग्रंथाच्या नावाचे एकदोन अक्षरांतले लघुरूप आणि खाली पत्रांक लिहीत. उजव्या समासात खालच्या अंगाला पुन्हा पत्रांक, आणि त्याच्या वर पुष्कळदा ‘राम’. जैन लेखनपरंपरेत समासातल्या या लघुरूपाला ‘हुंडी’ असे नावच आहे. पुढे पोथ्या छापल्या जाऊ लागल्या, तेव्हाही समासातली ही खूण टिकली.

पुस्तक शिवले जाऊ लागले आणि या खुणेचे काम बदलले. हातात कोणते पुस्तक आहे हे वाचकाला ठाऊकच असते. त्याला हवे असते ते आपण पुस्तकात कुठे आहोत हे. म्हणून डाव्या पानावर ग्रंथनाम आणि उजव्यावर प्रकरणनाम ही जोडी रूढ झाली, तरी वाचकाच्या उपयोगाचे त्यातले अर्धेच. डाव्या पानाला खरी किंमत येते ती ग्रंथालयातून एखाद्या पानाची झेरॉक्स काढली, किंवा फोनवर एका पानाचे छायाचित्र पाठवले की. तेव्हा पान पुन्हा सुटे होते आणि जुनी हुंडी कामाला येते.

उभ्या ओळीपासून मास्टर पानापर्यंत

खिळ्यांच्या काळात जुळारी प्रत्येक पानासाठी ही ओळ नव्याने जुळवत नसे. एक फॉर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, छापून झाला की मजकूर मोडायचा, पण पृष्ठशीर्षकाची ओळ तशीच उभी ठेवून पुढच्या फॉर्म्याला लावायची. फक्त पृष्ठांक बदलायचा. युरोपातल्या जुन्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. माथ्यावरच्या ओळीतला एखादा तुटका खिळा कोणत्या पानांवर पुन्हा पुन्हा दिसतो हे ताडून कोणता फॉर्मा कशानंतर छापला गेला, याचा माग त्यांनी काढला. मागच्या प्रकरणाचे नाव पुढे सरकत जाण्याची चूकही याच सवयीतून आली. ओळ उभीच होती, बदलायची राहिली.

१९८५ साली आल्डसचा पेजमेकर आला आणि उभ्या ओळीची जागा मास्टर पानाने घेतली. मास्टर पानावर एकदा लिहिले की ते त्यावर बेतलेल्या सगळ्या पानांवर उमटते. पृष्ठांक आपोआप बदलायचा, पण नाव नाही. त्यात सहाव्या आवृत्तीपर्यंत एका फाइलला मास्टर पानांची एकच जोडी मिळे. साहजिकच प्रकरणागणिक वेगळी फाइल करायची, मागच्या प्रकरणाची फाइल नव्या नावाने सेव्ह करायची आणि मास्टरवरचे नाव बदलायचे, अशी रीत पडली. पेजमेकर आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी या जोडीवर मराठी डीटीपीची एक पिढी घडली, आणि ही रीत तिच्या हातात बसली. सॉफ्टवेअर बदलले तरी हात बदललेला नाही.

पान एक, मथळे तीन

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पृष्ठशीर्षक आपोआप यायचे, तर संगणकाला एका प्रश्नाचे उत्तर हवे: हे पान कोणाचे?

समजा, शेतीवरच्या एका पुस्तकात ‘नांगरणी’ हा भाग मागच्या पानावरून चालत आला आणि या पानावर चार ओळींत संपला. पाठोपाठ ‘पेरणी’ सुरू झाला, अर्ध्या पानात आटोपला आणि तळाशी ‘खुरपणी’ लागला. माथ्यावर कोणाचे नाव द्यायचे? पानाच्या सुरुवातीला चालू असलेल्याचे, पानावर पहिल्यांदा सुरू झालेल्याचे, की शेवटी सुरू झालेल्याचे?

डोनाल्ड क्नुथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली घडवली, तेव्हा ही तिन्ही उत्तरे त्यांनी वेगळी ठेवली. मजकुरात अदृश्य खुणा पेरायच्या आणि पान तयार होताना संगणकाला तीनपैकी एक विचारायचे. ‘टॉपमार्क’ म्हणजे पान सुरू होताना चालू असलेली खूण, ‘फर्स्टमार्क’ म्हणजे पानावरची पहिली नवी खूण, ‘बॉटमार्क’ म्हणजे शेवटची. आपल्या उदाहरणात अनुक्रमे नांगरणी, पेरणी, खुरपणी. पानावर एकही नवा मथळा नसेल, तर तिन्हींचे उत्तर एकच येते, मागून चालत आलेला मथळा.

यातले बरोबर कोणते, हे पुस्तकाच्या जातीवर ठरते. शब्दकोशात डाव्या पानावर पहिला शब्द आणि उजव्यावर शेवटचा हवा, कारण वाचकाला उघडलेली दोन्ही पाने एकदम दिसतात. डावीकडचा शब्द ‘इथून’ सांगतो, उजवीकडचा ‘इथपर्यंत’. शिकागोची प्रसिद्ध मुद्रण-नियमावली उपमथळ्यांसाठीही हाच नियम देते: एका पानावर अनेक उपमथळे असतील तर डाव्या पानावर पहिला, उजव्यावर शेवटचा. कथासंग्रहात प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू होत असेल, तर प्रश्नच उद्भवत नाही. छोट्या कविता एकाखाली एक लावल्या असतील, तर मात्र तो पानोपानी उद्भवतो. तिथे कवितेचे नाव माथ्यावर घेण्याचा हट्ट सोडून विभागाचे नाव घेणे शहाणपणाचे.

हा निर्णय संपादकाचा आहे. सॉफ्टवेअर तो फक्त पाळते, आणि कोणते निर्णय पाळता येतील यात सॉफ्टवेअर-सॉफ्टवेअरमध्ये फरक आहे.

कोण काय देते

वर्डमध्ये ‘स्टाइलरेफ’ नावाचे फील्ड आहे. हेडरमध्ये ते घालून ‘हेडिंग १’ ही स्टाइल सांगितली, की त्या स्टाइलमधला पानावरचा पहिला मथळा माथ्यावर येतो. फील्डला ‘एल’ हा स्विच जोडला तर शोध तळापासून वर होतो, म्हणजे शेवटचा मथळा मिळतो. पानावर मथळा नसेल तर वर्ड मागे शोधत जाते आणि मागेही नसेल तर पुढे. या शेवटच्या सवयीने एक गंमत होते. प्रस्तावनेचे शीर्षक त्या स्टाइलमध्ये नसेल, तर प्रस्तावनेच्या पानांवर पहिल्या प्रकरणाचे नाव आधीच येऊन बसते. पीएचडीचे प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे अनुभवलेले असेल. लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्ये प्रकरणनामाचे फील्ड पूर्वीपासून आहे, ते मथळ्याच्या पातळीवर चालते. अलीकडच्या आवृत्त्यांत वर्डसारखे स्टाइलवर चालणारे फील्डही आले आहे.

इनडिझाइन १९९९ मध्ये आले, पण ही सोय त्यात आली ती २००७ च्या सीएस ३ मध्ये, ‘टेक्स्ट व्हेरिएबल’ या नावाने. टाइप मेन्यूतून व्हेरिएबल घडवायचे, ‘रनिंग हेडर’ हा प्रकार निवडायचा, कोणत्या पॅराग्राफ किंवा कॅरेक्टर स्टाइलचा मजकूर उचलायचा ते सांगायचे, ‘पानावरचा पहिला’ की ‘पानावरचा शेवटचा’ ते ठरवायचे आणि ते मास्टर पानावर ठेवायचे. कॅरेक्टर स्टाइलची सोय कोशासाठी फार मोलाची आहे. कोशातली नोंद आणि तिचा अर्थ एकाच परिच्छेदात असतात. नोंदशब्दाला स्वतंत्र कॅरेक्टर स्टाइल दिलेली असली की तेवढाच शब्द माथ्यावर जातो. शेवटचे विरामचिन्ह गाळण्याचाही पर्याय आहे, त्यामुळे नोंदीपुढचा स्वल्पविराम वर चढत नाही.

या व्हेरिएबलच्या दोन खोडी मात्र माहीत हव्यात. पहिली, ते कितीही लांब असले तरी दुसऱ्या ओळीवर जात नाही, एकाच ओळीत चेपले जाते. दुसरी, ते फक्त मजकूर उचलते, मथळ्यातला एखादा शब्द तिरपा केलेला असेल तर तो तिरपेपणा खालीच राहतो. व्हेरिएबलच्या भानगडीत पडायचे नसेल, तर ‘सेक्शन मार्कर’ आहे. प्रत्येक प्रकरणाला एक विभाग करायचा, विभागाच्या नावात प्रकरणाचे नाव लिहायचे आणि मास्टरवर मार्कर ठेवायचा. पंधरा प्रकरणांच्या पुस्तकाला ते पुरते. पण नाव पुन्हा हाताने लिहिलेले असते, म्हणजे ‘आणिबाणी’ला वाट मोकळीच.

फ्रेममेकर हे तांत्रिक पुस्तिकांचे सॉफ्टवेअर इनडिझाइनच्या कितीतरी आधीपासून हे काम करत आले आहे. त्यात पृष्ठशीर्षकासाठी राखीव व्हेरिएबल असतात. परिच्छेदाच्या नावाआधी अधिकचिन्ह घातले की शेवटचा मथळा मिळतो. मथळ्याऐवजी खास मार्करमधला मजकूर उचलण्याचीही सोय आहे. क्वार्क एक्स्प्रेसकडे ही सोय बरीच उशिरा, २०१५ च्या आवृत्तीत ‘कन्टेन्ट व्हेरिएबल’च्या रूपाने आली. स्क्राइबस हे मुक्त सॉफ्टवेअर देवनागरी चांगली जुळवू लागले आहे, पण मथळा आपोआप माथ्यावर नेण्याची तयार सोय त्यात नाही. तिथे प्रकरणागणिक मास्टर पान करावे लागते किंवा स्क्रिप्टचा आधार घ्यावा लागतो.

टेकवर उभ्या असलेल्या लाटेकमध्ये प्रकरण आणि उपप्रकरण यांच्या खुणा आपोआप पेरल्या जातात. ‘फॅन्सीहेडर’ या पॅकेजने त्या डाव्या-उजव्या पानांवर हव्या तशा मांडायच्या. प्रकरणाच्या आज्ञेतच चौकटी कंसात छोटे नाव देता येते, म्हणजे लांब मथळा पानावर आणि आटोपशीर नाव माथ्यावर. अलीकडची जात म्हणजे वेबच्या भाषेतून छापील पुस्तक. सीएसएसमध्ये ‘स्ट्रिंग-सेट’ने मथळा एका नावाखाली साठवायचा आणि पानाच्या समासात तो मागवायचा. मागवताना ‘फर्स्ट’, ‘स्टार्ट’, ‘लास्ट’ आणि ‘फर्स्ट-एक्सेप्ट’ असे चार पर्याय मिळतात. शेवटचा पर्याय चतुर आहे: ज्या पानावर मथळा स्वतः आहे तिथे माथा कोरा, पुढच्या पानापासून नाव. क्रोमने २०२४ मध्ये समासातल्या चौकटी छापायला सुरुवात केली, पण स्ट्रिंग-सेटसाठी अजून प्रिन्स किंवा पेज्ड जेएससारखे साधन लागते.

सगळे शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. ‘पहिला’ आणि ‘शेवटचा’ हे पर्याय बहुतेक ठिकाणी आहेत. पानावर नवा मथळा असतानाही ‘मागून चालत आलेला’ मथळा मागण्याची सोय मात्र टेकचे घराणे आणि सीएसएस यांच्याकडेच नीट आहे. साध्या पुस्तकाला त्याने फरक पडत नाही. ज्या कोशात एकेक नोंद दोन-तीन पाने चालते, तिथे पडतो. डाव्या पानाचा वरचा अर्धा भाग मागच्या नोंदीचा असूनही माथ्यावर पुढची नोंद दिसते, आणि त्या अर्ध्या भागात असलेले शोधणारा वाचक मागचे पान उलटतो.

देवनागरीत कुठे अडते

पहिली अडचण जुन्या फॉन्टांची. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचेच संकेत, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. ‘डीएनए आणि आपण’ अशा मथळ्यात पहिला शब्द रोमन लिपीत हवा असेल, तर तेवढ्या शब्दाला वेगळा फॉन्ट दिलेला असतो. इनडिझाइनचे व्हेरिएबल फॉन्टचा हा बदल उचलत नाही. सगळी ओळ पृष्ठशीर्षकाच्या एकाच फॉन्टात येते आणि रोमन शब्दाच्या जागी देवनागरीचे भलतेच तुकडे उमटतात. ‘ऑटोमॅटिक मराठीत चालत नाही’ ही डीटीपीवाल्यांची तक्रार यातूनही येते. दोष फॉन्टच्या संकेतांचा आहे, युनिकोडमध्ये तो उरत नाही.

दुसरी अडचण युनिकोडमध्येच येते. इनडिझाइनला देवनागरीची जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार नीट लावायला ‘वर्ल्ड-रेडी कम्पोजर’ लागतो. मजकुराच्या स्टाइलला तो दिलेला असतो, मास्टर पानावरची चौकट मात्र जुन्याच कम्पोजरवर राहते. मग आत ‘स्थिती’ नीट आणि माथ्यावर तिचा पाय मोडलेला. पृष्ठशीर्षकाला स्वतःची पॅराग्राफ स्टाइल द्यावी आणि कम्पोजर तिथेच ठरवून टाकावा.

तिसरी अडचण उसन्या सौंदर्यदृष्टीची. इंग्रजी पुस्तकांत पृष्ठशीर्षक लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत, थोडे विरळ लावण्याची चाल आहे. तयार टेम्पलेटमधून ती विरळ जुळणी मराठीत आली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दातांत फटी पडल्यासारखा दिसतो. कॅपिटल करण्याचा पर्याय आपल्या लिपीला लागूच नाही. मजकुरापासून ओळ वेगळी दिसायला आकार दोन पॉइंटांनी कमी, हलके वजन आणि खाली पुरेशी मोकळी जागा एवढे बस्स होते. ओळीखाली रेघ मारायची असेल, तर ‘कृ’, ‘दुः’, ‘ट्रू’ यांचे पाय तिला लागत नाहीत ना, हे पाहावे.

चौथी गोष्ट अंकांची. जुन्या फॉन्टांपैकी अनेकांत इंग्रजी अंकाच्या जागीच देवनागरी अंक बसवलेला असे, त्यामुळे पृष्ठांक आपोआप मराठी दिसायचे. युनिकोडवर आल्यावर तेच पृष्ठांक इंग्रजी झाले आणि काहींना सॉफ्टवेअर बिघडले असे वाटले. सीएसएसमध्ये पृष्ठांकाला ‘देवनागरी’ ही शैली थेट सांगता येते, आणि लाटेकमध्ये मराठीचे भाषा-पॅकेज लावले की देवनागरी अंक मिळतात. नाव मराठी आणि अंक इंग्रजी अशी सरमिसळ एका ओळीत फार खुपते. काय हवे ते आधी ठरवावे.

पाचवी गोष्ट आपल्या मथळ्यांची लांबी. चर्चासत्रातल्या निबंधांचे मथळे अपूर्णविरामासह दोन ओळींचे असतात. त्यांना माथ्यावर चेपण्यापेक्षा संपादकानेच लघुशीर्षक द्यावे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय नाही तिथे काहीजण लघुशीर्षक वेगळ्या स्टाइलमध्ये, अगदी बारीक आकारात आणि रंग न देता मथळ्याशेजारी दडवतात. युक्ती चालते, पण ई-बुक करताना तो दडलेला मजकूर बाहेर डोकावतो, हे लक्षात ठेवावे.

दिवाळी अंकाची परीक्षा

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही जात आपली खास. पृष्ठशीर्षकाची खरी परीक्षा इथेच होते. डावीकडे अंकाचे नाव आणि वर्ष, उजवीकडे लेखाचे नाव आणि लेखक, म्हणजे दोन व्हेरिएबल दोन वेगळ्या स्टाइलवर. त्यात अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री पानभर जाहिरात येते. एक पान घुसले की पुढचे प्रत्येक डावे पान उजवे होते. हाताने लिहिलेली नावे असतील तर पहाट होते. आपोआप असतील तर पानाबरोबर नावही सरकते, आणि डाव्या-उजव्याची अदलाबदल मास्टर सांभाळतो.

जाहिरातीच्या पानाने मात्र गप्प बसावे. तसेच मुखपृष्ठ, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, कोरी पाने आणि प्रकरणाचे पहिले पान. मथळा ठसठशीत समोर असताना त्याच्याच डोक्यावर त्याचे नाव कशाला? यासाठी माथा कोरा असलेले एक मास्टर पान पुरते. वर्डमध्ये ‘पहिले पान वेगळे’ ही खूण. पृष्ठांक हवा असेल तर तो तळाला द्यावा.

मथळा एकदाच लिहावा

सोयी इतक्या असून चुका का टिकतात, याचे उत्तर आता सोपे आहे. वर पाहिलेली जवळजवळ प्रत्येक सोय एकच गोष्ट गृहीत धरते: मथळ्याला मथळा म्हणून नाव दिलेले आहे, म्हणजे त्याला स्टाइल आहे. आपल्याकडे मजकूर सिलेक्ट करायचा, आकार वाढवायचा, ठळक करायचा, की मथळा झाला. माणसाच्या डोळ्याला तो मथळाच दिसतो, संगणकाला मात्र तो नुसताच मोठ्या अक्षरांचा परिच्छेद असतो. तो माथ्यावर नेणार काय?

हीच स्टाइल अनुक्रमणिकाही घडवते आणि ई-बुकातली प्रकरणांची यादीही. ई-बुकात ठरलेले पान नसते, वाचनाच्या अ‍ॅपमध्ये वर दिसणारे प्रकरणाचे नाव त्याच यादीतून आलेले असते. म्हणजे पृष्ठशीर्षकासाठी केलेली मेहनत तीन ठिकाणी फळते, आणि न केलेली तीन ठिकाणी नडते.

मांडणी पुरी झाली असे कोणी सांगितले, तर एक साधी तपासणी करावी. एका प्रकरणाच्या मथळ्यातला एक इकार बदलून पाहावा, माथे आणि अनुक्रमणिका अद्ययावत करायला सांगावे आणि पुस्तक चाळावे. जिथे जिथे जुना इकार उरला असेल, तिथे तिथे तो मथळा कोणीतरी दुसऱ्यांदा हाताने लिहिलेला आहे.